आवाज ठेवायचा कुठं?

दहा इंची टॅब्लेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. पडला तर फुटू नये म्हणून जाड रबरी कव्हर घातलं आणि पडद्यावर भोकांची अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवली, की ते पाऊण किलोच्या पुढं जातं. तुमच्या-माझ्या हाताला हे वजन जाणवतही नाही. पण जिचा हात ठरवलेल्या जागी पोचेपर्यंत वाटेत भलतीकडंच वळतो, तिच्यासाठी तो टॅब्लेट दुसऱ्या कुणीतरी धरावा लागतो. आणि तिचं बोलणंच त्या टॅब्लेटवर असेल, तर ते बोलणंही दुसऱ्याच्या हातात जातं.

मी सांगतोय ती मुलगी सातवीत आहे. कोल्हापुरातली मराठी शाळा. जन्मल्यावर कावीळ फार वाढली आणि मेंदूत खोलवर, हालचालींवर ताबा ठेवणारा जो भाग असतो, त्याला इजा झाली. सेरेब्रल पाल्सीच्या या प्रकारात बुद्धी शाबूत राहू शकते. तिची राहिली आहे, चांगली तल्लख आहे. हात, मान, जीभ आणि ओठ मात्र तिचं ऐकत नाहीत. आवाज येतो, शब्द उमटत नाहीत. आईला तिचं बरंचसं कळतं, वडिलांना थोडं कमी, शाळेतल्या बाईंना मोजके शब्द. बाकी सगळं टॅब्लेटवर. पडद्यावर चित्रांच्या चौकटी असतात: मला, पाहिजे, नको, का, कुठं, आणि आत गेलं की शेकडो शब्द. चौकटीवर बोट ठेवलं की टॅब्लेट मराठीत बोलतो.

तिचे वडील शिवाजी उद्यमनगरात, माझ्या शेडपासून दोन गाळे सोडून, लेथवर टर्नर आहेत. मी जिग-फिक्श्चरं बनवतो. कास्टिंगचा तुकडा ड्रिलखाली दर वेळी नेमका त्याच जागी, त्याच कोनात बसावा आणि काम होईपर्यंत हलू नये, यासाठी जे लागतं ते बनवणं हा माझा धंदा. एका संध्याकाळी ते टॅब्लेटचा ऑनलाइन मागवलेला स्टँड घेऊन आले आणि म्हणाले, "दादा, पोरीच्या टॅबला काय तरी करूया की. ह्ये लई हलतंय."

वळवू तसा वळणारा, लांब मानेचा स्टँड होता तो. झोपून सिनेमा बघायला चांगला, कारण तेव्हा पडद्याला कुणी हात लावत नाही. इथं सगळा खेळच हात लावण्याचा. एका टोकाला पकडलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोरानं तो आठपट वाकतो. भरीव दांड्याचा व्यास दुप्पट केला, तर ताठपणा सोळापट होतो. हातभर लांब आणि बोटाएवढी जाड मान घेऊन तिच्या टोकाला किलोभर वजन टांगलं, की प्रत्येक स्पर्शाला पडदा मागं जाणार आणि झुलत परत येणार. तिचं बोट आधीच कसंबसं 'पाणी'वर पोचलेलं असतं. तेवढ्यात पडदा हलतो आणि टॅब्लेट 'दूध' म्हणतो. मग समोरचा दूध आणायला जातो.

मापं घेण्याआधी मला ती दिवसभर कशी असते ते बघायचं होतं. शाळेची परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसलो. टॅब्लेट शेजारची मैत्रीण धरायची. तिला स्वतःला लिहायचं असेल तेव्हा तो बाकावर आडवा जायचा. आडव्या पडद्यात वरची ट्यूबलाइट चकाकते आणि बोटं चौकटीवर पोचायच्या आत हाताखाली निम्मा पडदा झाकला जातो. बाईंनी विचारलं, महाराष्ट्राच्या पश्चिमेला काय आहे? मैत्रिणीनं पेन ठेवलं, टॅब्लेट उचलून उभा धरला. ही निसर्गाच्या पानावर जाऊन 'समुद्र' शोधत होती. तोवर तीन पोरं ओरडून मोकळी झाली होती आणि बाई सह्याद्रीवर पोचल्या होत्या.

उशिराचं एक वेळ चालेल, पण मला जास्त लागलं ते दुसरंच. जो धरतो तो ठरवतो. यात कुणाचा वाईटपणा नाही. मैत्रीण चांगलीच आहे, पण दोघींचं भांडण झालं की टॅब्लेट दप्तरात राहतो, आणि मग भांडायचं तरी कशानं? घरी जेवताना वरणाचे हात लागतील म्हणून आई तो लांब ठेवते. म्हणजे घरातले चौघं दिवसभराचं बोलतात त्या वेळात ही गप्प. रिक्षात गप्प, मैदानावर गप्प, प्रार्थनेला सतरंजीवर बसवलं की गप्प. बाथरूमला जायचंय हे सांगायची वेळ येते तेव्हा तर टॅब्लेट बहुतेक जवळ नसतोच. शिवाय धरणाऱ्याचे डोळे पडद्यावरच असतात. दोन शब्द झाले की तो तिसरा ओळखून म्हणून टाकतो, तिला भलतंच म्हणायचं असलं तरी.

स्टीफन हॉकिंग यांचा तो यंत्राचा आवाज जगभर ओळखीचा झाला. १९८५ साली न्यूमोनिया झाल्यावर त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलंसुरलं बोलणंही गेलं. कॅलिफोर्नियाच्या वॉल्ट वॉल्टोझ यांनी शब्द निवडायचा प्रोग्रॅम पाठवला, तो सुरुवातीला टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालायचा. केंब्रिजच्या डेव्हिड मेसन यांनी छोटा कॉम्प्युटर आणि आवाज काढणारं यंत्र त्यांच्या चाकाच्या खुर्चीवर बसवून दिलं. माझ्या धंद्यातल्या माणसाला या गोष्टीत मेसन सगळ्यात मोठे वाटतात. त्या जोडकामामुळं हॉकिंग यांचं बोलणं टेबल सोडून त्यांच्याबरोबर फिरायला लागलं.

आपल्याकडं अ‍ॅपचा प्रश्न बऱ्यापैकी सुटत आलाय. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी 'आवाज' आधी स्वतंत्र यंत्र म्हणून बनवलं, पुढं ते टॅब्लेटवर आलं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' फुकट मिळतं आणि मराठीत बोलतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी पद्धती धरल्या आहेत, शिक्षणात त्यांच्या वापराला सरकारनं चालना द्यावी असंही त्यात आहे. टॅब्लेट कुठून ना कुठून मिळतो. तो ठेवायचा कुठं याचं उत्तर मात्र घरोघरी उशी, डबा, आईची मांडी असंच असतं. परदेशात खुर्चीवर बसवायचे उत्तम आर्म मिळतात, पण त्यांची किंमत टॅब्लेटच्याही पुढं जाते. आणि ते चाकाची खुर्ची आणि टेबल एवढंच जग धरून केलेले. आमची पोरगी दिवसातला निम्मा वेळ जमिनीवर असते.

पहिल्या बैठकीला मी पुठ्ठा, चिकटपट्टी आणि लाकडाच्या पट्ट्या घेऊन तिच्या घरी गेलो. लगेच लक्षात आलं की तिच्या टॅब्लेटवर या कामाचे शब्दच नाहीत. खाऊ, रंग, प्राणी, नाती, सगळं होतं. पण 'वर', 'खाली' एका पानावर, 'जवळ' दुसऱ्याच, आणि 'हलतंय' कुठंच नाही. मग काम थांबवून आधी एक नवीन पान केलं. तिच्या आईनं चौकटी बनवल्या: वर, खाली, जवळ, लांब, तिरकं, हलतंय, टोचतंय, दिसत नाही, असंच ठेवा, परत करा. 'टोचतंय' तिनंच हावभाव करून मागून घेतला. एखाद्यासाठी वस्तू बनवताना त्याला हो-नाही विचारणं सोपं असतं. पण हो-नाहीत माझेच पर्याय असतात, त्यातला एक ती निवडणार. या पानामुळं ती मला कामाला लावायला लागली. "वर. वर. परत करा. तिरकं." तासभर मी पुठ्ठा सरकवत होतो.

पुठ्ठ्याचा टॅब्लेट मी अर्थातच तिच्या अगदी समोर धरला होता, छातीच्या उंचीवर, कारण तिथं हात सगळ्यात नीट पोचतो. तिनं काही वेळ वापरून बघितला आणि मग 'दिसत नाही' दाबलं. मी विचारलं, काय दिसत नाही, फळा? तिनं मान हलवली, नाही. बराच वेळ शोधून तिनं मैत्रिणीचं नाव दाबलं, मग 'तोंड'.

पुढचं अख्खं डिझाइन या एका उत्तरानं ठरलं. टॅब्लेट समोर असेल तर तिला समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि समोरच्याला तिचं. तिचं निम्मं बोलणं तर चेहऱ्यावरच असतं. ती हसते तेव्हा सगळ्या अंगानं हसते. बोलायचं नसेल, नुसतं ऐकायचं असेल, रुसून बसायचं असेल, तेव्हा टॅब्लेट बाजूला गेला पाहिजे आणि तो तिनंच सारला पाहिजे. ढकलायला आणि परत ओढायला दुसऱ्याची मदत लागली तर धरणाऱ्याची जागा फक्त स्टँडनं घेतली, एवढाच त्याचा अर्थ. घट्ट बसवणं मला येत होतं, माझा धंदाच तो. इथं हवी होती अशी वस्तू जी बोटाला हलत नाही आणि कोपरानं ढकललं की सरकते.

उद्यमनगरच्या माणसाला अशा वेळी बॉल प्लंजर आठवतो. स्प्रिंगवर बसलेली छोटी पोलादी गोळी, ती समोरच्या खळगीत पडली की भाग तिथं थांबतो, जोर दिला की गोळी आत जाते आणि भाग सुटतो. जिगमध्ये आम्ही तो रोज वापरतो. उभ्या नळीच्या डोक्यावर फिरणारा आडवा हात बसवला आणि त्याला दोन खळग्या दिल्या: एक समोर, एक उजवीकडं. तिचा डावा हात जास्त ताब्यात आहे, म्हणून ढकलणं डावीकडून. बोटाचा दाब पडद्यावर समोरून येतो, म्हणजे फिरण्याच्या आसाकडं. त्यानं स्टँडचा आडवा हात फिरत नाही. ढकलणं कडेवरून येतं, त्यानं फिरतो. स्प्रिंग किती कडक ठेवायची हे तिनंच ठरवलं. वडिलांनी तीन-चार जोराच्या स्प्रिंगा आणल्या होत्या आणि ती प्रत्येकीला 'परत करा' म्हणत होती. शेवटी जी ठरली ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच कडक निघाली. तिला ढकलायला मजा येईल एवढा जोर हवा होता, 'खट' असा आवाज यायला हवा होता.

याच सांध्याचा दुसरा फायदा सुरक्षेचा. तिचा हात कधीकधी अचानक जोरात फेकला जातो, तिचा त्यावर इलाज नसतो. स्टँड ठाम राहिला तर मनगट दुखावेल. गोळी सुटली की स्टँड वाट देतो. कडा सगळ्या गोल केल्या आणि बोट अडकेल अशी फट कुठंच ठेवली नाही. फिरणाऱ्या दोन भागांमध्ये नायलॉनचा वॉशर आणि वरून नायलॉक नट, म्हणजे रोजच्या हलण्यानं नट सैल होत नाही.

वजनाचा हिशेब टॅब्लेटवर थांबत नाही. माणसाचा एक अख्खा हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो. तीस किलोच्या मुलीचा हात म्हणजे दीड किलो, टॅब्लेटपेक्षा जड. आणि ती हात टेकवूनच काम करते. त्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीचा उपयोगच तो: चौकटींवर तेवढी भोकं असतात, हात पट्टीवर टेकवून सरकवत न्यायचा आणि हव्या त्या भोकात बोट घालायचं, मधल्या चौकटी दाबल्या जात नाहीत. म्हणजे टॅब्लेट ज्यात बसतो त्या ट्रेला तिचा हात पेलता आला पाहिजे. म्हणून स्टँडचा आडवा हात जमेल तेवढा आखूड ठेवला आणि नळी पोकळ पण मोठ्या व्यासाची घेतली, अ‍ॅल्युमिनियमची. तेवढाच धातू जास्त व्यासात पसरला की जास्त ताठ होतो. लांबी दुप्पट की वाकणं आठपट, हा नियम आपल्या बाजूनं वळवायचा तो असा.

ट्रेमध्ये आणखी एक गोष्ट होती जिच्याकडं बाजारातले स्टँड बघत नाहीत. टॅब्लेटचे स्पीकर कडेला असतात आणि धरणारी कड नेमकी तिथंच येते. पन्नास पोरांच्या वर्गात आधीच आवाज पोचत नाही, त्यात तो कव्हरमध्ये कोंडला तर काय ऐकू येणार? कडेला लांबट खिडक्या पाडल्या आणि मागं थोडी वाकलेली पट्टी लावली, म्हणजे आवाज तिच्याकडं न येता वर्गाकडं जातो. चार्जिंगचं भोक मोकळं ठेवलं. ट्रे आणि आडवा हात यांचा जोड कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या स्क्रूचा: पाव इंच, इंचाला २० आटे. हे माप जगभर चालतं आणि आपल्याकडच्या जुन्या व्हिटवर्थ पद्धतीच्या पाव इंची बोल्टालाही इंचाला २० च आटे असतात; त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आहे, ट्रायपॉडच्या स्क्रूसारखा ६० चा नाही, पण एवढ्या कामाला तो बसतो. ट्रेचा बोल्ट हरवला तर कुठल्याही गावच्या हार्डवेअरच्या दुकानात जुळणारा मिळेल, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता तो फिरणार कसा? शाळेत तिची चाकाची खुर्ची वर्गाबाहेर राहते, बाकांच्या रांगांतून ती जात नाही. आत तिला बाजूला आधार असलेली लाकडी खुर्ची आहे. म्हणून चाकाच्या खुर्चीच्या नळीवर एक आणि लाकडी खुर्चीवर एक अशी दोन खोबणी कायमची बसवली. उभी नळी खोबणीत वरून सोडायची, तळाची आडवी पिन खाचेत बसते, फिरत नाही. काढायची तर वर उचलायची. एकही स्क्रू फिरवावा लागत नाही, त्यामुळं हे काम वर्गातलं कुठलंही पोर करतं. दुमडली की सगळी जोडणी दप्तरात मावते.

जमिनीसाठी मला महाद्वार रोडवरच्या पूजेच्या सामानाच्या दुकानानं वाट दाखवली. पोथी ठेवायचं लाकडी व्यासपीठ, तेच कुराणासाठी रेहल म्हणून विकलं जातं. एकाच फळीतून कोरलेलं असतं, वेगळी बिजागरी नाही, खिळा नाही. उघडलं की फुलीसारखं उभं राहतं, मिटलं की पुन्हा फळी. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याच्या डोळ्यांना आणि हातांना ते नेमकं पोचतं, कारण जमिनीवर बसणाऱ्यांनीच ते पिढ्यान्‌पिढ्या वापरून घडवलंय. १९६८ साली रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट बनवला, तोही उकिडवं बसणाऱ्या, मांडी घालणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसाला समोर ठेवूनच. आम्ही व्यासपीठाची मापं घेतली, पाय रुंद केले, खाली रबर लावलं आणि वर तोच पाव इंची स्क्रू दिला. ट्रे खुर्चीवरून काढून त्यावर बसतो. आता जेवताना टॅब्लेट तिच्याजवळ असतो. वर पातळ प्लास्टिक आहे, वरण लागलं तर पुसायचं.

रंगाबद्दल फार बोलणं झालं नाही. पावडर कोटिंगवाल्याकडचं कार्ड दाखवल्यावर तिनं गुलाबी सोडून सरळ काळा निवडला.

शाळा सुरू झाल्यावर बाईंचा फोन तिच्या आईला आला. इतिहासाच्या तासाला बाई शिकवत असताना हिनं टॅब्लेट ओढून घेतला आणि मध्येच "का?" म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, तिची पाळी नव्हती. बाईंनी तिला सांगितलं की मध्ये बोलायचं नाही, आधी हात वर करायचा. आई हे सांगताना रडत होती. सात वर्षं शाळेत जाऊन वर्गात मध्ये बोलल्याबद्दल मुलीला पहिल्यांदा बोलणी बसली होती. मैत्रिणीच्या हातात टॅब्लेट असताना असं मध्ये बोलणं शक्यच नव्हतं. 'का' हा शब्द तर पहिल्या पानावरच होता. बाईंना मी भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला बोलले, मग तासभर तिच्या 'का'चं उत्तरच देत बसले."

काही गोष्टी अजून जमायच्या आहेत. रिक्षात टॅब्लेट उभा करायला जागा नाही. पट्ट्यानं मांडीवर बांधून बघितला, पण खड्ड्यात बोट ठरत नाही. पावसात अ‍ॅक्रिलिकच्या भोकांत पाणी साचतं आणि पडदा आपोआप शब्द म्हणायला लागतो. शिवाय ती वाढतेय. उभी नळी सरकती ठेवली आहे, पण पुढच्या वर्षी खांदा वर गेला की कोनही बदलावा लागेल.

तिच्या वडिलांनी इचलकरंजीच्या एका कुटुंबाला माझा नंबर दिला आहे. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, त्याचा उजवा हात चालतो, म्हणजे खळग्या उलट्या पाडाव्या लागतील. फोनवर त्याच्या वडिलांनी विचारलं की कुठली मापं घेऊन ठेवू. खुर्चीच्या नळीचा व्यास सांगा, म्हटलं, बसल्यावर कोपर जमिनीपासून किती उंच येतं ते आणि डोळ्यांपासून हाताचं अंतर. आणि मी यायच्या आत त्याच्या टॅब्लेटवर 'बाजूला' आणि 'परत करा' या दोन चौकटी तेवढ्या घालून ठेवा.